तारण

तेहेतीस वर्षे मी शाळेत गणित शिकविले. या तेहेतीस वर्षांत सरळव्याजाची किती उदाहरणे फळ्यावर लिहिली असतील याची गणती नाही. ‘रामरावांनी द. सा. द. शे. ८ दराने ५,००० रुपये ३ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर मुदतीअखेर ते एकूण किती रक्कम परत करतील?’ मुले माना खाली घालून उत्तर काढीत. सहा हजार दोनशे. उत्तर बरोबर आले की रामरावांचा आणि आमचा संबंध संपे. रामरावांना कर्ज कशासाठी हवे होते, ते एवढ्या सहजासहजी त्यांना दिले कोणी, आणि त्यांनी तारण काय ठेवले, हे एकाही मुलाने मला कधी विचारले नाही. पाठ्यपुस्तकातले रामराव हे मोठे भाग्यवान गृहस्थ आहेत. त्यांना कर्ज मागताच मिळते, तीन वर्षांत त्यांच्या घरात कोणी आजारी पडत नाही, आणि मुदत संपली की ते खिशातून नेमकी रक्कम काढून देतात. असा रामराव मला पुस्तकाबाहेर अद्याप भेटलेला नाही.

पुस्तकाबाहेरची माणसे भेटू लागली ती निवृत्तीनंतर. पुण्यात आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे. भिंतीअलीकडे एक रिकामा गणिताचा मास्तर बसला आहे, हा शोध भिंतीपलीकडच्या बायकांना कसा लागला कोण जाणे. पण हळूहळू आमच्या व्हरांड्यात संध्याकाळचा एक वर्ग भरू लागला. कुणी हप्त्यांचे कार्ड घेऊन येई, कुणी बचत गटाची वही. ‘सर, एवढा आकडा बघा की बरोबर आहे का.’ आमच्या मंडळींनी पहिले काही दिवस कपाळाला आठ्या घातल्या, मग चहाचे आधण वाढविले.

या वर्गातली माझी पहिली विद्यार्थिनी म्हणजे आमच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशी. पहाटे मार्केट यार्डात जायचे, माल भरायचा, दिवसभर विकायचा, हा त्यांचा क्रम. मालासाठी लागणारा पैसा त्या पहाटेच एका इसमाकडून घेत. हातात नऊशे रुपये पडत. संध्याकाळी हजार द्यायचे. मी सवयीने पेन्सिल उचलली. नऊशेला दिवसाचे शंभर, म्हणजे शेकडा अकरा रुपये अकरा पैसे रोज. वर्षाचा दर काढला तो चार हजार टक्क्यांच्या वर गेला! मी तो आकडा मोठ्या गांभीर्याने मावशींपुढे ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

‘सर, नऊशेचा माल तेराशेला जातो. हजार त्याचे, तीनशे माझे. त्याला शंभर दिले नाहीत तर माझे तीनशे कुठून यायचे?’

हिशेब चोख होता. मग मी दुसरे गणित मांडले. त्या तीनशेतून रोज शंभर बाजूला ठेवले, तर नऊ दिवसांत नऊशे जमतील आणि दहाव्या दिवसापासून तो इसम नको. रोज चारशे तुमचे. मला वाटले, आता मावशी निरुत्तर होणार.

‘नऊ दिवस?’ मावशी म्हणाल्या. ‘नऊ दिवस घरात काहीच घडणार नाही असं तुम्ही लिहून द्या सर, मग ठेवते.’

गरिबीची यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. गरीब माणसाला पैसा कमी मिळतो हे तर खरेच. पण तो मिळतो अवेळी आणि जातो त्याहून अवेळी. कमाई थेंबाथेंबाने येते आणि खर्च लोंढ्यासारखा येतो. मुलाचा ताप, शाळेची फी, मर्तिक, गळके छप्पर यांपैकी कोणीही वर्दी देऊन येत नाही. कर्ज म्हणजे पुढच्या महिन्याचा पैसा आज आणणे आणि बचत म्हणजे आजचा पैसा पुढच्या महिन्यात नेणे. ज्यांच्याकडे जमीनजुमला आहे त्यांच्यासाठी ही वाट बँका झाडूनपुसून ठेवतात. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना मात्र बँक पहिलाच प्रश्न विचारते, तारण काय?

हा प्रश्न आपल्या मुलखाला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. अमेरिकेतली यादवी संपल्यावर कापसाचे चढे भाव कोसळले होते, सावकारांनी हात आखडला होता आणि सारा तर वाढलेलाच होता. बंडाचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यात एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जरोख्यांची आणि हिशेबाच्या चोपड्यांची कागदे. ती हाती लागली की त्यांची होळी होई. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाची चीड काय असते, ते हप्त्याचे कार्ड उलटेसुलटे धरणाऱ्या बाईकडे पाहिले की आजही कळते.

सरकारने १८७९ साली दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा केला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. पुढे स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी करविली. गोरवाला तिचे अध्यक्ष आणि आपले धनंजयराव गाडगीळ एक सभासद. १९५४ साली अहवाल निघाला. शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता शेकडा तीन, आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर! पन्नास वर्षांच्या सहकाराची ही मिळकत. आणि ही झाली शेतकऱ्यांची गोष्ट. ज्यांना शेतच नाही, त्यांचे नाव या हिशेबात फारसे नव्हतेच.

बायकांनी मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. त्यांनी आपली बँक केव्हाच काढली होती. तिचे नाव भिशी. बारा जणी, दरमहा प्रत्येकीचे पाचशे, जमले सहा हजार. चिठ्ठी टाकायची, जिचे नाव निघेल तिने उचलायचे. ना कचेरी, ना कारकून. गणिताचा मास्तर म्हणून मला भिशीचे फार कौतुक वाटते. जिचा नंबर पहिला लागतो ती कर्जदार असते, जिचा शेवटचा लागतो ती ठेवीदार असते, आणि मधल्या सगळ्याजणी थोड्या थोड्या दोन्ही असतात. पण कोण कर्जदार आणि कोण सावकार हे चिठ्ठी निघेपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्यामुळे कोणी कोणापुढे मान खाली घालीत नाही. भिशीत एकच खोट आहे. मुलाला ताप ज्या महिन्यात येतो त्याच महिन्यात चिठ्ठी आपली निघत नाही.

या चिमूटभर भांडवलाने काय होऊ शकते याची उदाहरणे शोधायला दूर जायला नको. १९५९ साली गिरगावातल्या सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या, त्या ऐंशी रुपये उसने घेऊन. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्याच मुंबईत गिरणगावात हजारो बायका खाणावळी चालवीत. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा कामगार महिन्याच्या बोलीने त्यांच्याकडे जेवे आणि पगार झाला की पैसे देई. म्हणजे महिनाभर त्याला उधारीवर पोसायचे ते या बाईने. आणि त्यासाठी धान्य उधार आणायचे ते वाण्याकडून, वाणी सांगेल त्या भावाने. गोवा मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. तारण काय, तर एकमेकींची हमी. भाकरी थापणाऱ्या बाईची सही बँकेच्या कागदावर उमटली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पण याच गोष्टीचे दुसरे पान उलटून पाहावे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा कामावर चढलेच नाहीत. ज्याच्या पगारावर खाणावळ चाले तो कामगारच गेला, तेव्हा स्वस्तातले कर्ज घेऊन खाणावळवालीने जेवू घालायचे कोणाला? मंडळाच्या बायकांनी पुढे कचेऱ्यांना डबे देण्यासारखे दुसरे मार्ग धरले, हा त्यांचा शहाणपणा. परंतु कर्ज कढई आणून देते, गिऱ्हाईक आणून देत नाही, हा धडा गिरणगावाने तेव्हाच देऊन ठेवला आहे.

त्याच सुमारास शेजारी बांगलादेशात मुहम्मद युनूस नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी जोब्रा गावातल्या बेचाळीस जणांना आपल्या खिशातून मिळून सत्तावीस डॉलर दिले. ते साल १९७६. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली आणि २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे अहमदाबादेत इलाबेन भट यांच्या ‘सेवा’ संघटनेच्या बायकांनी १९७४ सालीच आपली बँक काढली होती. १९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गट बँकांना जोडून पाहण्याचा प्रयोग केला आणि मग गावोगाव बचत गट झाले. दहा ते वीस बायका. ठरल्या दिवशी बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर फेड, आणि हिशेबाची वही. आधी स्वतःचे साठवायचे, मग बँकेकडे मागायचे.

या आधी साठवण्याचे महत्त्व मला सगळ्यात जास्त पटले ते माणदेशच्या हकिकतीवरून. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळ. म्हसवड गावी चेतनाताई सिन्हा यांच्याकडे रस्त्यावर वेल्डिंगचे काम करणारी एक बाई आली. तिला कर्ज नको होते. पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला ताडपत्री घ्यायची होती म्हणून रोज थोडे पैसे ठेवायचे होते, आणि तेवढ्याशा रकमेसाठी बँक खाते काढीना. तेव्हा आपणच बँक काढू, असे ठरले. रिझर्व्ह बँकेकडून पहिला अर्ज परत आला. पुष्कळशा सभासद बायकांना लिहितावाचता येत नव्हते, हे कारण. बायका अक्षरे गिरवायला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हांला वाचता येत नसेल, पण व्याज मोजता येते. आकडे घाला आणि बघा, असे त्यांनी साहेबांना सांगितल्याचे चेतनाताई सांगतात. १९९७ साली बँकेला परवाना मिळाला. ही गोष्ट मी ज्या ज्या वर्गात सांगितली तिथे मुलांनी टाळ्या वाजविल्या. गणिताच्या तासाला टाळ्या ही दुर्मीळ घटना आहे, म्हणून मुद्दाम नोंदविली.

आता गणिताची कडू बाजू. बचत गटांच्या जोडीला खाजगी कंपन्याही या धंद्यात आल्या. ‘गरिबांना तारणावाचून कर्ज’ हे ऐकायला गोड. माझ्या व्हरांड्यातल्या एका कार्डावर लिहिले होते : कर्ज दहा हजार, पन्नास आठवडे, दर आठवड्याला सव्वादोनशे. एकूण फेड ११,२५०. ‘म्हणजे साडेबारा टक्के ना सर?’ बाईने विचारले. नाही. दहा हजार तिच्याकडे वर्षभर नसतात. पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जाऊ लागते. सरासरीने पाहता तिच्या हाती वर्षभर राहतात पाच हजारांच्या आसपास, आणि व्याज साडेबाराशेच. दर झाला जवळजवळ पंचवीस टक्के. मावशींच्या चार हजार टक्क्यांपुढे हे अमृतच. पण साडेबारा म्हणून पंचवीस घेणे हे काही बरे नव्हे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दहा हजारांच्या कर्जासाठी वसुलीदाराला वस्तीत तितक्याच फेऱ्या माराव्या लागतात जितक्या दहा लाखांसाठी माराव्या लागतील. लहान कर्ज महाग पडते ते काही प्रमाणात या पायपिटीमुळे. फक्त पायपीट किती आणि नफा किती, हे कार्डावर लिहिलेले नसते.

तारण नाही म्हणतात, तेही पुरते खरे नाही. आमच्या मागच्या वस्तीत शिवणकाम करणारी एक बाई आहे. मशीनसाठी तिने तीस हजार घेतले, मशीन आले, कामही आले. पुढे नवरा स्कूटरवरून पडला आणि चार महिने खाटेवर होता. पहिला हप्ता चुकू नये म्हणून तिने दुसऱ्या कंपनीकडून घेतले आणि दुसऱ्यासाठी तिसरीकडून. एका संध्याकाळी तिन्ही कार्डे माझ्यापुढे टाकून ती गप्प बसली. आठवड्याचे हप्ते अठराशे. आठवड्याची कमाई दोन हजार. दोनशे रुपयांत चार माणसे. यात मास्तराने सोडविण्यासारखे गणितच उरले नव्हते.

पुढच्या मंगळवारी तिच्याकडे हप्ता नव्हता. नियम असा की एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि सगळ्यांचा जमल्याशिवाय कोणी उठायचे नाही. वसुलीचा पोरगा फटफटीवर बसून राहिला. नवव्या बाईचा कामाचा खाडा झाला, चौथीचे मूल शाळेबाहेर वाट पाहत राहिले. ज्या बायका काल एकमेकींच्या चुलीवर कालवण ठेवीत, त्याच आज तिच्या दारात बसून तिला बोल लावू लागल्या. तेव्हा मला या बिनतारणी कर्जाचे तारण दिसले. घर नाही, दागिना नाही. शेजार गहाण होता.

दुसऱ्या आठवड्यात ती सुटली, आणि सोडविले तेही शेजारानेच. वस्तीतला जो जुना बचत गट आहे, त्याच्या बायकांनी बैठकीत तिचा प्रश्न घेतला. तासभर भांडण झाले. एकजण म्हणाली, हिला दिले तर उद्या सगळ्याच मागतील. दुसरी म्हणाली, मग गट काढला कशाला? शेवटी गटाच्या साठ्यातून सर्वांत लहान कर्ज फेडून टाकायचे आणि गटाचे पैसे तिने दोन महिन्यांनंतर, नवरा उभा राहिल्यावर द्यायचे, असे ठरले. वही माझ्याकडे होती. मी नोंद केली. कंपनीचा नियम आणि गटाचा नियम यांत अंतर एवढेच की गटाच्या नियमाला थांबता येते. ज्यांनी थांबायचे ठरविले त्यांचेच पैसे त्यात असतात.

हेच प्रकरण मोठ्या आकारात आंध्र प्रदेशात घडले. तिथे एकेका बाईवर तीनतीन-चारचार कंपन्यांची कर्जे चढली. आत्महत्यांच्या बातम्या आल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढून वसुलीला लगाम घातला. वसुली ठप्प झाली, कंपन्या बुडायला आल्या; आणि कर्जेही बंद झाली, म्हणजे जुना सावकार पुन्हा ओट्यावर येऊन बसला. पुढे २०११ साली रिझर्व्ह बँकेने व्याजावर २६ टक्क्यांची मर्यादा घातली. २०२२ साली ती काढली आणि नवा नियम केला : तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणावाचून दिलेले कर्ज या सदरात मोडेल, आणि सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. नियम उत्तम आहे. फक्त पावसावर आणि पायांवर अवलंबून असलेल्या घराचे ‘महिन्याचे उत्पन्न’ कोणत्या महिन्याचे धरायचे, ते मावशींना विचारून यावे.

मग या सगळ्याने गरिबी हटते की नाही? २०१५ साली हैदराबादेसह सहा देशांतल्या पाहण्या एकत्र प्रसिद्ध झाल्या. हैदराबादेची पाहणी करणाऱ्यांत पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो होते. निष्कर्ष साधारण असा निघाला की कोणाचा धंदा थोडा वाढला, कोणी घरात वस्तू घेतली, काहींना मोकळीक मिळाली. पण घरच्या घरे दारिद्र्यातून वर आली असे कुठे दिसले नाही. भक्तांची निराशा झाली, टीकाकारांचीही झाली. कारण घरे सरसकट बुडाली असेही दिसले नाही. मला व्यक्तिशः यात नवल वाटले नाही. दोराने विहिरीतले पाणी वर येते. विहिरीला पाणी लागत नाही. पण ज्याच्या हाती दोरच नाही, त्याला विहिरीच्या खोलीवर व्याख्यान देण्यात तरी काय अर्थ?

दिवाळीच्या या अंकाच्या वाचकांपैकी बहुतेकांना या व्यवहारात आपला काही संबंध नाही असे वाटेल. पण आपण सगळेच लहानसे सावकार आहोत. धुणेभांडी करणारी बाई सणाच्या आधी पदराशी चाळा करीत दारात उभी राहते आणि ‘थोडी उचल हवी होती’ म्हणते, तेव्हा आपली बँक उघडते. व्याज आपण घेत नाही, हे खरे. त्याऐवजी उपदेश घेतो. कशाला हवेत, मागचे फिटले का, एवढा खर्च करायचा कशाला. माझी विनंती एवढीच आहे, की यंदा ती उचल द्यावी, दरमहा किती कापायचे ते तिच्यासमोर एका कागदावर लिहून त्याची एक प्रत तिला द्यावी, दिवाळीची बक्षिसी त्यातून वळती करू नये, आणि कारण विचारू नये. तारणाची काळजी नसावी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आपण सगळे उशिरापर्यंत अंथरुणात असताना, सकाळी सात वाजता आपल्या दाराची घंटा वाजेल. वाजविणारी कोण असेल ते आपल्याला आजच ठाऊक आहे, आणि एवढ्या खात्रीचे तारण कोणत्याही बँकेच्या तिजोरीत नाही.